कोणीही हजर नव्हते

“कॅसिनोतर्फे कोणीही हजर नव्हते,” परवाना खात्याचे अधिकारी तोलेगेन यांनी न्यायालयात कागद वाचून दाखवला. “म्हणून एकतर्फी सुनावणी घेऊन परवान्याचं नूतनीकरण नाकारलं.”

मागच्या बाकावरची राउशान ताडकन उभी राहिली. एकवीस वर्षं ती तलावकाठच्या त्या कॅसिनोत पत्ते वाटत होती. परवाना वाढला नाही तर महिनाअखेरीस ती आणि आणखी एकशेचाळीस जण घरी बसणार होते.

“मी गेले होते, साहेब.”

“आपाय, बसा,” कॅसिनोची वकील सालतानत पुटपुटली. शिकत असताना तिने राउशानच्याच शेजारच्या टेबलावर दोन वर्षं काम केलं होतं. तिला आपाय, म्हणजे ताई, म्हणायची सवय तेव्हाची.

“बोलू द्या त्यांना,” न्यायाधीश सापारगाली म्हणाले. “जुगाराचं मला काडीचं कौतुक नाही. पण बोला.”

“पत्रात बावीस मार्च लिहिलं होतं. नौरुझच्या सणादिवशी कुठलं ऑफिस उघडं असतं, म्हणून मॅनेजर हसले. मी म्हटलं, सरकारी पत्र आहे, न जाऊन कसं चालेल? गेले, तर दाराला कुलूप. गेटवर पहारेकरी तेवढा होता.”

“असं कोणीही सांगेल,” तोलेगेन म्हणाले.

सालतानत उठली. “गेटवरची नोंदवही न्यायालयाने मागवली होती, साहेब. आज सकाळी आली आहे.”

न्यायाधीशांनी वही उघडली. राउशानने पुढच्या बाकाची कड घट्ट धरली.

“बावीस मार्च,” ते वाचू लागले. “सकाळी अकरा. राउशान, कॅसिनोकडून, सुनावणीसाठी. कार्यालय बंद.” पुढची ओळ त्यांनी आधी मनात वाचली. “सणाचा दिवस, म्हणून वाडगाभर दूध-धान्याचे कोझे पाजून परत पाठवले.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

“तोलेगेनसाहेब, त्या दिवशी सुनावणी घेतली कोणी?”

तोलेगेन यांनी फाइल चाळली. मग पुन्हा पहिल्या पानापासून चाळली.

तासाभराने निकाल आला. नकार रद्द. खात्याने कॅसिनोचं म्हणणं ऐकून नव्याने निर्णय घ्यायचा, तोवर जुना परवाना चालू.

“परवाना मी देत नाहीये,” न्यायाधीश म्हणाले. “तो माझा अधिकार नाही. समोरच्याचं ऐकून घ्या, एवढंच सांगतोय.”

बाहेर व्हरांड्यात स्वयंपाकी, वेटर, पत्ते वाटणाऱ्या बायका, सगळ्यांनी सालतानतला घेरलं.

“जिंकलो ना?”

“अर्धं. आता खात्याचे लोक समोर बसतील आणि विचारतील, परवाना का द्यायचा ते तुम्हीच सांगा.”

“हे आपल्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं,” राउशान म्हणाली.

आणि मग सगळे एकदमच बोलायला लागले. प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या वर. सालतानत हसत पिशवीत पेन शोधू लागली.

“थांबा, थांबा,” ती म्हणाली. “एकेक जण सांगा. मला लिहून घेऊ द्या.”