पदकावरचे दोन खड्डे

रंजनाबाईंनी लेकीचं सोनेरी पदक फोटो काढायला वाहिदच्या स्टुडिओत आणलं. चकाकत्या वस्तूचा फोटो काढणं जिकिरीचं. समोर असेल ते सगळं त्यात उमटतं. वाहिदने दिव्यांपुढे बटर पेपर लावला, कॅमेऱ्याला काळं कापड गुंडाळलं आणि तासाभराने फोटो दाखवला.

"मावशी, कडले दोन खड्डा व्हतात. उजेड असा पाडा का फोटोमा दिसतच नही."

"त्या मन्ही दामिनीना दात शेतस. शर्यत जिंकनी तवय हसत हसत चावनी व्हती."

वाहिद ओशाळला. "दुसरा काढी देस. आठवण ऱ्हाई."

"आठवणसाठे नही, भाऊ. आठ दिनपाईन ती घर नही. काल तापीमा एक पोर सापडनी. तोंड वळखू येत नही. पोलिसस्नी दातस्ना ठसाना फोटो मांगा शे."

वाहिदने बटर पेपर काढला आणि दिवा अगदी आडवा धरला. खड्ड्यांत सावली भरली. एक दात अख्खा, दुसरा कोपऱ्यात तुटलेला.

रंजनाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"एकदम साफ काढ, भाऊ," त्या म्हणाल्या. "जुळाले नको."