करंगळीचं नख

रऊफने बादलीतून शर्ट काढला, नळाखाली धरला आणि सगळा लाल रंग त्याच्या डोळ्यांदेखत मोरीत निघून गेला. हातात उरला तो आजारी माणसाच्या जिभेसारखा फिकट गुलाबी कपडा. नववीचा अख्खा वर्ग खिदळला. भुजच्या खत्र्यांचा मुलगा, घरात पाच पिढ्या रंगाऱ्यांच्या, आणि शाळेच्या प्रयोगात नेमका त्याचाच रंग पळाला!

मनहरसाहेबांनी विचारलं, रंगात सोडा कधी घातलास? रऊफ छाती फुगवून म्हणाला, कालच, रंग मुरायला नको? त्याच्या अब्बांचं निळीचं कुंड जितकं जुनं होई, तितकं तेज रंगवी. साहेब हसू दाबत म्हणाले, निळीचं वेगळं आणि या पुडीतल्या रंगाचं वेगळं. का वेगळं, ते कोण सांगेल?

एकच हात वर झाला. हाजराचा. रऊफची चुलत बहीण, त्याच्याच वर्गात.

"सोडा पडला की हा रंग समोर येईल त्याला चिकटतो, साहेब. कापड नसेल तर पाण्यालाच. रात्रभर बादलीत कापड नव्हतं, सगळा रंग पाण्यानेच खाल्ला."

इथे तिने थांबायला हवं होतं. पण वर्ग तिच्याकडे बघत होता आणि थांबेल ती हाजरा कसली!

"रऊफभाई, चाचांना सांग हं, पोराने पाणी फार सुरेख रंगवलंय."

मुलं बाकं बडवायला लागली. साहेबांनी सगळ्यांना दटावलं, हाजराच्या बादलीत सोडा टाकून ढवळला आणि साबण आणायला शेजारच्या खोलीत गेले.

हाजरा आपल्या शर्टाच्या शेवटच्या गाठी बांधत होती. बाकीच्यांनी रबर लावले होते, ती बांधत होती घरच्या बांधणीसारखी. करंगळीच्या नखाने खालून कापड टोचायचं, टोक वर उचलायचं, दोऱ्याचा फास आवळायचा. सात महिने वाढवलेलं नख होतं ते. घरी थोरल्या बहिणीच्या, सकीनाआपाच्या, निकाहची बांधणीची ओढणी अर्धी बांधून पडली होती, निकाह तीन आठवड्यांवर. ज्या नखाने ओढणी सुरू झाली त्याच नखाने ती संपवायची, नाहीतर ठिपके लहानमोठे पडतात. आणि सासरच्या बायका नवरीच्या तोंडाआधी ठिपके बघतात.

रऊफला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून त्याने तीच करंगळी धरली.

तिचं मनगट त्याने बाकाच्या कडेवर दाबलं आणि वरून मूठ हाणली. कट्. नख मुळापासून गेलं. बाकावर रक्ताची धार लागली.

"आता कर हात वर," तो म्हणाला.

हाजरा ओरडली नाही. त्याच रक्ताळलेल्या हाताने तिने त्याचे केस धरले आणि त्याचं कपाळ बाकावर आपटलं. मग आणखी एकदा आपटलं, कारण पहिल्याने तिचं समाधान झालं नाही. तो खाली कोसळला तशी ती त्याच्या पाठीवर गुडघा रोवून बसली, त्याचा हात पिरगाळला आणि मनगटाच्याही वरपर्यंत आपल्या बादलीत कोंबला. त्याने लाथा झाडल्या. स्टूल उलटलं, काचेचं भांडं फुटलं, भिंतीवर लाल शिंतोडे उडाले. दोन मुली तिला मागे ओढत होत्या, एकीच्या हातात तिची बाहीच फाटून आली. हाजरा मोठ्याने आकडे मोजत होती, रंग ढवळताना साहेब मोजायला लावत तसे. शंभर झाले. ती पुन्हा एकपासून सुरू झाली.

साहेबांनी धावत येऊन दोघांना सोडवलं, दोघांच्याही एकेक थोबाडीत दिली आणि रऊफचा हात नळाखाली धरला. साबण लावला. पाणी आधी लाल गेलं, मग गुलाबी, मग स्वच्छ. हात लालच राहिला.

"जाईल ना हे, साहेब?" रऊफ रडत विचारत होता. "अब्बा बघतील ना."

साहेब पुन्हा साबण चोळू लागले. भिंतीला टेकून हाजरा आपल्या करंगळीवर दोरा गुंडाळत होती, वळशावर वळसा, रक्त थांबेपर्यंत.

"कातडीचा जाईल आठवड्यात," ती म्हणाली. "नखांचा नाही जायचा. नखं वाढतील तसतसा जाईल."

"किती दिवसांनी?"

तिने फास आवळला आणि दोरा दातांनी तोडला.

"माझं वाढेल तेव्हा."