सत्त्याऐंशीव्या मिनिटाची पेनल्टी

शिट्टी वाजली आणि रेफरीचा हात पेनल्टीच्या खुणेकडे गेला. हात आधी गेला, विचार नंतर आला.

सहा पावलांवरून त्याने सगळं बघितलं होतं. गोलकीपरने झेप घेतली. बोटांनी बॉल बाजूला ढकलला. मग समोरचा फॉरवर्ड त्याच्या अंगावरून धडपडला. धडपडला कसला, मस्त लोळण घेतली. फाउल नव्हताच. पण गोलकीपर रेफरीचा सख्खा धाकटा भाऊ होता.

सत्त्याऐंशीवं मिनिट, एक-एक अशी बरोबरी. बरोबरी राहिली असती तर भावाचा संघ वरच्या गटात टिकला असता. हरला तर घसरणार. आणि चौतिशी ओलांडलेल्या कीपरला खालच्या गटात कोण विचारतो?

भाऊ उजवीकडे झेपावला, बॉल डावीकडून जाळ्यात गेला. अर्धं मैदान उठून नाचू लागलं. कठड्याजवळचा एक जण ओरडला, "मानलं बुवा! सख्ख्या भावालाही सोडलं नाही!" टाळ्या पडल्या. क्षणभर रेफरीला त्या टाळ्या गोड लागल्या. मग तो पाठ फिरवून मध्यरेषेकडे चालू लागला.

हा सामना त्याला नकोच होता. भाऊ खेळतोय, दुसऱ्या कुणाला पाठवा, असं त्याने संघटनेला लेखी कळवलं होतं. सेक्रेटरी हसले होते. "तुमच्यावर कोण बोट ठेवणार?" म्हणाले होते. ते ऐकून तो सुखावला. या हंगामात तो भावाच्या घराची पायरीही चढला नव्हता. पुतणी झाली तेव्हा फोनवरच अभिनंदन केलं. कुणी फोटो काढला तर? "लोकांना दाखवायला नातं तोडताय की काय?" असं बायकोने विचारलं. त्याने ते कानाआड केलं.

रेफरींच्या खोलीत मलमाचा आणि ओल्या मोज्यांचा वास कोंडला होता. निरीक्षक हातात गुणपत्रक घेऊन आले. त्यांनी त्याची घामेजली पाठ थोपटली.

"दहापैकी साडेनऊ! नव्या पोरांना हा सामना दाखवायला हवा. निःपक्षपात म्हणजे काय ते कळेल."

"कॅमेऱ्यात काय दिसतंय?" रेफरीने विचारलं.

"काही नाही. मध्ये बचावपटूंच्या पाठी आहेत. तुमच्या शब्दावर सगळं. आणि तुमचा शब्द म्हणजे काय, विषय संपला!"

ते गेल्यावर त्याने बेसिनमध्ये दोनदा चूळ भरली. तोंडाचा कडवटपणा जाईना. आरशात बघायची इच्छा होईना.

दार ढकलून भाऊ आत आला. गुडघे मातीने भरलेले, हातमोजे अजून हातातच. तो भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो बाकावर टेकला.

"दादा, पोरं तुझ्या नावाने शंख करतायत. मी त्यांना गप्प केलं."

रेफरी टॉवेलने मान पुसत राहिला.

"बोटं लागली बॉलला, एवढं मला कळलं. पण नंतर त्याच्या पायाला लागलं असेल माझं काहीतरी. तू जवळ होतास. तू दिलीस म्हणजे असणारच."

रेफरीने हातातला टॉवेल खाली ठेवला.

"काही लागलं नव्हतं."

"काय?"

"तू बॉलच काढलास. स्वच्छ. मी बघितलं."

भावाने एकेक करून हातमोजे काढले. बाहेर कुणीतरी बादली आपटली.

"माझ्या जागी दुसरा कीपर असता तर दिली असतीस?"

"नसती."

भाऊ उठला. इतक्या वर्षांत त्या तोंडावर रेफरीने राग बघितला होता, रडू बघितलं होतं. किळस पहिल्यांदाच बघितली. भाऊ बाहेर पडला. दार त्याने हळूच लावून घेतलं, परक्याच्या घरून निघावं तसं.

रेफरीने अहवालाचा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: 'सत्त्याऐंशीव्या मिनिटाला दिलेली पेनल्टी चुकीची होती. नजरचूक नव्हे. गोलकीपर माझा भाऊ आहे म्हणून मी ती दिली. माझं नाव रेफरींच्या यादीतून काढावं.' खाली सही केली. वीस वर्षांत पहिल्यांदाच आपण काही सरळ लिहितोय, असं त्याला वाटलं.

कागद घेऊन तो बाहेर आला. बोळात जिंकलेल्या संघाचा कोच भेटला. गळ्यात पडायला पुढे सरसावला. रेफरी मागे झाला.

"ती पेनल्टी नव्हती. मी लिहून दिलंय."

कोचच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्याने कागद वाचला, नीट घडी घालून परत दिला.

"द्या की. निकाल काही त्याने फिरत नाही." मग आवाज खाली आणून, अगदी आपुलकीने तो म्हणाला, "आणि एवढं मनाला लावून घेऊ नका हो. समोर भाऊ असला की तुम्ही त्याच्याच विरुद्ध जाणार, हे आम्ही ओळखून होतो. म्हणून तर आमच्या क्लबने सेक्रेटरींकडे तुमचंच नाव मागून घेतलं."