गोधडीतला हात

संग्रहालयातला हातमोजा घालून जुन्या गोधडीवर हात ठेवला, की ती शिवणाऱ्या बाईचा हात आपला हात चालवायचा. लोक त्यासाठी रांगा लावायचे. ही गोधडी सुंद्राबाईंच्या आईची. तिला जाऊन चाळीस वर्षं झालेली.

"एवढी एक खोट आहे, मावशी," स्वतःच्या हातात हातमोजा चढवत तिथे काम करणारी यामिनी म्हणाली. "ओळ संपली की हात उगाच चाचपडतो. उद्या हातमोज्यातून तेवढं पुसणार आहेत."

लहानपणी आई शिवायची तेव्हा सुंद्राबाई अंथरलेल्या गोधडीवरच झोपायच्या. ओळ संपली की आई त्यांच्या कपाळावरून हात फिरवायची.

त्यांनी गोधडीवर डोकं टेकलं.

ओळ संपताच यामिनीचा हात चाचपडत आला आणि त्यांच्या कपाळावर थांबला.

"मावशी, हे मी नाही करत हो!" ती म्हणाली.

पुढची ओळ शिवायला हात परत गेलाच नाही.