छताखाली तरंगणारी माणसं

कणशास्त्रज्ञ डॉ. वसुधा केंजळे छताला पाठ टेकून चहा पीत होत्या. कमरेला संस्थेचा पट्टा होता. ज्याच्या संशोधनाचा जितका बोलबाला, तितकं हा पट्टा त्याचं वजन कमी करी. नवा कण शोधल्यापासून वसुधाबाईंचे पाय फरशीला लागलेच नव्हते.

खाली शबाना मुलाणी मान वर करून उभी होती. नवी मुलगी, नावावर एकही शोधनिबंध नाही.

"मॅडम, तो कण नाहीये. शेजारच्या खोलीतला कूलर सुरू झाला की यंत्रावर तश्शीच नोंद उमटते."

"गप बस गं," शेजारी तरंगणारे संचालक म्हणाले. "वसुधाबाई, तुम्ही काही ऐकलेलं नाही. पडाल."

लग्न उरकल्यावरच्या फुग्यांसारखी सगळी थोर माणसं छताला चिकटली होती. यंत्राला हात लावून त्यांना वर्षं लोटली होती, कारण यंत्रं खाली होती.

वसुधाबाईंनी मनगटावरच्या पडद्यावरून त्या कणावरचा आपला शोधनिबंध मागे घेतला. त्या आधी पिसासारख्या, मग ओल्या चादरीसारख्या खाली आल्या. फरशी गार लागली. शबानाने त्यांचा दंड धरला.

"लागलं का, मॅडम?"

"लागू दे. चल, तुझा कूलर दाखव."