कवडशातलं अंडं

"मधोमध आताच ठेवू नोको," हिरीबाई म्हणाली. "पहिले गोल मांड. शेवटचं मधात."

रंजीतानं टोपल्यातल्या गवतावर अकरा अंडी मांडली. प्रत्येकावर तिनं कोळशाची रेघ ओढली होती. आजीनं सगळ्यांवरून बोटं फिरवली, एक अंडं जरा आत सरकवलं.

"आता आण काळीले."

काळी कोंबडी चार दिवसांपासून खुडूक होती. पिसं फुलवून रिकाम्या कोपऱ्यात बसायची, जवळ गेलं की चोच मारायची. आजीनं तिला दोन्ही हातांत धरून अलगद टोपल्यात सोडलं. काळीनं अंडी पोटाखाली ओढली आणि गप्प झाली.

"एकवीस दिवस," आजी म्हणाली. "जमलं त दोन पिल्लं तुये. पण सारं तूच करायचं. मी नुसती बसणार."

रंजीता नऊ वर्षांची. आईबाप ऊसतोडीला गेले, तेव्हा तिला मानोऱ्याजवळच्या या तांड्यावर मामाकडे ठेवून गेले. त्याला पंधराच दिवस झाले होते. हिरीबाई शेजारी एकटीच राहायची, आणि दुसऱ्याच दिवशी रंजीतानं तिच्या अंगणात मुक्काम ठोकला होता.

आजीला या एकवीस दिवसांची काळजी रंजीतापेक्षा जास्त होती. तिचा मुलगा राजपाल वाशीमला राहायचा. दिवाळीत तो आला तेव्हा तिच्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. तेव्हापासून फोनवर याडीपाशी, म्हणजे आईपाशी, त्याचं एकच टुमणं.

"याडी, वय झालं तुयं. कोंबड्या देऊन टाक अन् चाल माह्यासंग."

"कोंबड्या दिल्या त मी सकायी उठू कायले?"

"तुयाच्यानं होत नाही आता."

"अंड्यावर कोंबडी बसवली हाय. पिल्लं निघाले की ये पाहाले. नाही निघाले त त्याच दिवशी माई पेटी उचल."

राजपाल हसला. "ठरलं मंग. पुन्हा नाही म्हणजो नोको."

चौथ्या दिवशी काळी दाणे टिपायला उठली, तेव्हा आजीनं टोपल्यात हात घातला.

"बारा काहून? पाहुणं कोणतं आलं, शोध बरं."

रंजीतानं बिनरेघेचं अंडं लगेच उचललं. लाल कोंबडी गुपचूप घालून गेली होती.

"म्हून रेघ ओढाव लागते," आजी म्हणाली.

आठव्या दिवशी दुपारी खरी परीक्षा होती. घराच्या टिनाला एक भोक होतं. त्यातून उन्हाचा कवडसा थेट चुलीपाशी पडायचा. आजीनं दार लावून घेतलं आणि एकेक अंडं रंजीताच्या हातात दिलं.

"मुठीत धर. उजेडात वर कर. काय दिसते?"

"लाल लाल धागे. मधात ठिपका. आजी, हालून राह्यला तो!"

"जिता हाय. ठेव. हे?"

"हेही तसंच."

पाचव्या अंड्याला रंजीता अडली. "यात काहीच नाही. नुसता उजेड."

"पुन्हा पाह्य."

"नाहीच ना! तूच पाह्य."

"मी पाहिलं त तू कशी शिकशील?"

रंजीता फुगली. शाळेतल्या मॅडमसुद्धा कधीकधी उत्तर फळ्यावर लिहून द्यायच्या. ही आजी कधीच नाही.

"सारं मलेच इचारते. मास्तरीण हाय का तू?"

"मास्तरीण छडी देते. मी पिल्लं देऊन राह्यली. फिरव अंडं."

दोन अंडी बाद झाली. नऊ उरली.

एकोणिसाव्या दिवशी आजीनं घमेल्यात कोमट पाणी घेतलं, कोपर बुडवून ऊब पाहिली आणि अंडी हळूच सोडली. पाणी स्थिर झालं. मग एक अंडं आपोआप डुललं. त्यामागं दुसरं.

"किती नाचून राह्यले?" आजीनं रंजीताचं मनगट घट्ट धरलं होतं.

"सात... आठ... नऊ! सारेच!"

आजीनं मनगट सोडलं तेव्हा त्यावर बोटांचे वळ उठले होते.

एकविसाव्या दिवशी रंजीता पैंजण वाजवत धावत आली. "ये रंजे," आजी आतूनच म्हणाली. काळीच्या पंखाखालून चिवचिव येत होती. नऊच्या नऊ निघाली होती.

"आता धडा म्हण," आजी म्हणाली. "कोणतं पिल्लू कसं हाय?"

रंजीतानं सांगितलं. आजीनं एकेक पिल्लू तळहातावर घेतलं आणि तिच्याकडून धडा तीनदा म्हणवून घेतला.

दुपारी राजपाल मित्राच्या मोटरसायकलवर मागं बसून आला. मित्र, अनुप, रस्त्यावरच थांबला. राजपालनं चपला अंगणाबाहेर काढल्या आणि गमछा बाजेवर टाकला.

"किती निघाले?"

"नऊ," आजी म्हणाली. "चार पिवये, त्यातल्या एकाच्या पाठीवर पट्टा. तीन भुरके. एक कायं, पंखाचं टोक पांढरं. अन् एक उघड्या मानेचं."

राजपालनं वाकून पिल्लं मोजली. पट्टा पाहिला, पांढरं टोक पाहिलं.

"अन् बाकीचे दोन?"

"फोल होते. आठव्या दिवशीच उजेडात धरून काढले."

"मी त—" रंजीता म्हणायला गेली. आजीचा हात तिच्या खांद्यावर पडला आणि तिथंच राहिला.

राजपाल आईच्या पाया पडला. "ठीक हाय, याडी. राहाय अथीच. पुन्हा नाही म्हणत मी."

तो गेला. रस्त्यावर अनुपनं मोटरसायकल सुरू केली आणि फटफटत वळवायला तांड्याच्या टोकाकडे नेली. हिरीबाई दारात उभी राहून त्या आवाजाकडे हात हलवत होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच अशी मोकळी हसली.

"गेला बाई एकदाचा! रंजे, बसला का तो गाडीवर? पाह्य बरं."

रंजीतानं पाहिलं. बाजेवर विसरलेला गमछा न्यायला राजपाल अनवाणीच परत आला होता. तो आजीच्या अगदी समोर, हातभर अंतरावर उभा होता.