लाल दोऱ्याचा तालिमखाना

शलाकाने पेटी उघडली आणि चाळीस वर्षांनी तळ्यावर मधमाशा गुणगुणल्या. शलाकाच्या प्रयोगशाळेने त्या पुन्हा जन्माला घातल्या होत्या. पेटीत त्यांना खायला ठेवलेला साखरेचा पाक उद्यापर्यंतच पुरणार होता; पुढे फुलांतल्या मधावरच जगायचं होतं.

गुणाबाईंनी कमरेचा कुंचला चाचपला. लेकीच्या जावळाचा होता तो. माशा संपल्यापासून काठच्या चिखलातल्या तालिमखान्याच्या काटेरी झाडांच्या फुलाफुलाला त्या याच कुंचल्याने पराग लावत आल्या होत्या. जे झाड कुंचल्याला चटकन बी धरी, त्याला लाल दोरा बांधायचा, पुढे त्याचंच बी पेरायचं आणि बाकीची मुळासकट उपटायची. म्हणून तर तालिमखाना फक्त इथे टिकला होता.

माशा जांभळ्या फुलांत डोकावल्या, दुसऱ्या फुलांवर गेल्या आणि एकेक करून पेटीत परतल्या.

"काय झालं गं त्यांना?"

शलाकाने फूल तोडून चोखलं. "मावशी, यात मधच नाही. कुंचल्याला मधाची गरजच नव्हती ना... मधावर ताकद न घालवणारी झाडंच चटकन बी धरत गेली."

"असं कसं? लहानपणी आम्ही हीच फुलं चोखायचो!"

एखादं तरी गोड निघेल म्हणून गुणाबाई काट्यांतून फुलं चोखत निघाल्या. जिथे हात घालावा तिथे लाल दोराच होता.